परदेशवारी ठरवताना : आधी आवड, मग देश



परीक्षेत आपण मुलांना सतत सांगतो, "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." परदेशी सहल ठरवताना मात्र आपण स्वतः प्रश्न न वाचताच उत्तर लिहितो. शेजारचे दुबईला जाऊन आले की आपणही दुबईच. वर्तमानपत्रात '७ दिवसांत ५ देश' अशी जाहिरात दिसली की तीच. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचे तरी बर्फातले फोटो पाहिले की लगेच स्वित्झर्लंड!

नोकरदार कुटुंबासाठी परदेशवारी ही काही दर वर्षाची गोष्ट नाही. कुणी भिशी लावून, कुणी आरडी काढून, कुणी वेतनाचा फरक बाजूला ठेवून पाच-सात वर्षांत ही रक्कम जमवतं. अशी सहल बहुधा एकदाच, फार तर दोनदा होते. म्हणून तिथे जाऊन "छान होतं, पण आमच्यासाठी नव्हतं" असं वाटणं फार महागात पडतं. पैसे परत जमवता येतात. मुलं मात्र तोवर मोठी झालेली असतात आणि आई-वडिलांचे गुडघे तोवर थांबत नाहीत.

म्हणून आजचा पाठ एकाच प्रश्नावर आहे : आपल्या आवडीला जुळणारा देश कसा निवडायचा?

१) आवड नामात नको, क्रियापदात सांगा

"तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलं की उत्तरं येतात : निसर्ग, इतिहास, समुद्र, प्राणी. ही सगळी नामं आहेत आणि इथेच गोंधळ होतो. निसर्ग तर जगातल्या प्रत्येक देशात आहे. मग निवड कशी करणार?

म्हणून व्याकरणाचा तास आठवा आणि आवड क्रियापदात सांगा. निसर्ग आवडतो म्हणजे नक्की काय करायला आवडतं? डोंगर चढायला? बाल्कनीत चहा घेत डोंगराकडे बघत बसायला? की झाडांची नावं शोधायला? तिन्ही माणसं 'निसर्गप्रेमी'च. पण पहिल्याला भूतान शोभेल, दुसऱ्याला श्रीलंकेतले चहाचे मळे आणि तिसऱ्याला सिंगापूरचं वनस्पती उद्यान. तिघांना एकाच बसमध्ये बसवलं तर दोघे कंटाळणार हे नक्की.

आपलं क्रियापद शोधायचा सोपा उपाय म्हणजे मागच्या दोन-तीन सहली आठवणं. कुठे तुम्ही इतके रमलात, की बाकीच्यांना "चला आता" म्हणावं लागलं? तिथे तुम्ही जे करत होता, तेच तुमचं क्रियापद. मुलांच्या बाबतीत तर त्यांना विचारण्यापेक्षा त्यांचं निरीक्षण करा. विचारलं तर मूल 'डिस्नेलँड' म्हणेल, कारण नाव तेच ऐकलेलं असतं. पण तेच मूल रेल्वे फाटकाजवळ गाडी जाईपर्यंत हलत नसेल, तर उत्तर त्याने कधीच दिलेलं आहे.

२) क्रियापदावरून देशाकडे : काही उदाहरणं

शिल्पातली गोष्ट वाचणं. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायणाचा पट बोट ठेवून वाचणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी कंबोडियातलं अंगकोर वाट आहे. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलेल्या या मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर समुद्रमंथनाचा जवळपास ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे. गोष्ट आपल्याला पाठ, पण सांगण्याची तऱ्हा निराळी. गंमत त्यातच आहे. या परिसरासाठी एक, तीन आणि सात दिवसांचे पास मिळतात. वाचणाऱ्याने तीन दिवसांचाच घ्यावा. जावा बेटावरचा नवव्या शतकातला बोरोबुदूर स्तूप याच जातकुळीचा आहे. त्यावर अडीच हजारांहून अधिक शिल्पपट आहेत आणि खालून वर प्रदक्षिणा घालत ते वाचायचे असतात. मात्र वर चढण्यासाठी वेगळं तिकीट आणि ठरावीक वेळ असते, ती आधी नोंदवावी लागते.

चढणं. गडकिल्ले पालथे घालणाऱ्यांना श्रीलंकेतली सिगिरिया आवडेल. पाचव्या शतकात राजा कश्यपाने एका प्रचंड खडकावर राजधानी वसवली. बाराशेच्या आसपास पायऱ्या चढून वर जावं लागतं आणि वाटेत खडकाच्या कुशीत स्त्रियांची रंगीत भित्तिचित्रं दिसतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला तिथे तुलना केल्यावाचून राहवणार नाही. भूतानमधला पारोजवळचा तक्त्संग मठ दरीच्या तळापासून सुमारे ९०० मीटर उंच कड्यावर आहे. जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो. भूतानमध्ये भारतीय पर्यटकांना दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, ते हिशेबात धरा. लहान मुलांना त्यात सवलत आहे.

झाडं ओळखणं. सिंगापूर म्हणजे उंच इमारती आणि मॉल एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं. पण तिथलं वनस्पती उद्यान १८५९ साली सुरू झालं आणि २०१५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची पद्धत हेन्री रिडली यांनी याच उद्यानात विकसित केली आणि पुढे मलायात रबराचे मळे पसरले. भूगोलाच्या शिक्षकाला एवढं कारण पुरे! मुख्य उद्यानाला प्रवेशशुल्क नाही; आतल्या ऑर्किड उद्यानाला तिकीट आहे.

वाट बघणं. प्राणी 'आवडणं' वेगळं आणि प्राण्याची वाट बघणं आवडणं वेगळं. ताडोब्यात चार तास जिप्सीत बसून वाघ दिसला नाही, तरी जो माणूस पक्षी बघून खूश होऊन परततो, तोच केनियाच्या मसाई माराला जाण्याच्या लायकीचा! बाकीच्यांनी एखादं चांगलं प्राणिसंग्रहालय पाहावं, त्यात कमीपणा काही नाही. केनियाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये : पीतज्वराची लस. ती फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातच अडकवून ठेवू शकतात.

कशी चालते ते बघणं. यंत्र उघडून बघणाऱ्या मुलांसाठी लंडन आणि जपान. लंडनचं विज्ञान संग्रहालय, निसर्ग-इतिहास संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम या तिन्ही ठिकाणच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. ग्रिनिचला शून्य रेखावृत्तावर एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून उभं राहता येतं. साडेब्यांशी अंशांचं आणि साडेपाच तासांचं गणित मुलाला तिथे जे कळेल, ते फळ्यावर दहा वेळा लिहून कळणार नाही. त्याच शहरात किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. रेल्वेवेड्यांना मात्र जपानच : १९६४ साली सुरू झालेली शिंकानसेन आणि वेळेवर सुटणाऱ्या साध्या गाड्यासुद्धा.

माणसांशी बोलणं. काहींना इमारतींत रस नसतो. ते रिक्षावाल्यापासून हॉटेलच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारतात. त्यांनी मॉरिशसचा विचार करावा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून भारतीय गिरमिटिया मजूर तिथे उतरले. पोर्ट लुईमधला 'आप्रवासी घाट' त्याची साक्ष देतो. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. या मजुरांमध्ये कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून गेलेली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, तिथल्या शाळांत मराठी विषय शिकवला जातो, आणि आपल्या जाखडीशी नातं सांगणारं 'झाकरी' नृत्य त्यांनी जपलं आहे. रस्त्यावर मात्र तुम्हाला क्रिओल आणि फ्रेंच ऐकू येईल. सगळे मराठीत बोलतील अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

काहीही न करणं. हेही क्रियापदच आहे, आणि वर्षभर पाच वाजता उठून डबे भरणाऱ्या माणसाचं तर ते हक्काचं क्रियापद. अशा माणसाला पहाटे साडेपाचच्या 'वेक-अप कॉल'वाल्या टूरमध्ये घालू नका. एक समुद्रकिनारा, एक खोली, चार दिवस. बस्स!

३) घरात चार माणसं, चार क्रियापदं

इथे खरी कसोटी आहे. बाबांना चढायचंय, आईला झाडं बघायची आहेत, मुलाला रेल्वे हवी, आजीला देवदर्शन. यावर "प्रत्येकाला एक-एक दिवस" हे उत्तर वरवर न्याय्य वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की दररोज तिघं कंटाळणार. त्यापेक्षा दोन-तीन क्रियापदं जिथे जवळजवळ येतात, असा छोटा प्रदेश शोधा.

श्रीलंकेचंच बघा. बाबांना सिगिरिया. जवळच दंबुल्लाचं गुहामंदिर. तिथून कँडी, जिथे आजीसाठी बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आहे. कँडीला लागूनच पेरादेनिया वनस्पती उद्यान, आईसाठी. आणि कँडीहून चहाच्या मळ्यांतून एल्लाकडे जाणारी डोंगरातली रेल्वे, मुलासाठी. एकच देश, जवळजवळची ठिकाणं, चारही क्रियापदं. फक्त डोंगरी रेल्वेमार्ग पावसापाण्याने बंद पडू शकतो. निघण्यापूर्वी तो सुरू आहे का ते विचारून घ्या.

सोबत ज्येष्ठ असतील तर आवडीइतकीच प्रकृतीही बघायला हवी. नेपाळचं पशुपतिनाथ आणि लुंबिनी बहुतेकांना झेपतं. मुक्तिनाथ मात्र साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. भक्ती कितीही असली, तरी तिथे हवा विरळच असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजीला शब्द देऊ नका.

४) सुट्टीचं कॅलेंडर आणि तिथला ऋतू

आपल्याला मोठी सुट्टी दोनदाच : दिवाळी आणि मे महिना. त्यामुळे 'कुठे' इतकाच 'कधी' हा प्रश्न महत्त्वाचा. चेरीचा बहर बघायला जपानला जायचं म्हटलं, तर तो मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा आपल्याकडे परीक्षा आणि पेपर तपासणी. मसाई मारातले नू हरणांचे मोठे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये असतात. तेव्हा शाळा भरात. मे महिन्यात उत्तर ध्रुवाकडच्या देशांत 'नॉर्दर्न लाइट्स' दिसत नाहीत, कारण तिथे तेव्हा रात्रीच पुरेशा काळोख्या नसतात.

उलट काही गोष्टी आपल्या सुट्टीला छान जुळतात. लंडनला मे महिन्यात दिवस मोठा असतो, हवाही बरी. जावा बेटावर मेमध्ये कोरडा ऋतू सुरू होतो, म्हणून बोरोबुदूर मेमध्ये. कंबोडियात एप्रिल-मे हे सर्वांत कडक उन्हाचे महिने, नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी व्हायला लागते. म्हणून अंगकोर दिवाळीनंतर. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, म्हणून आपल्या मे महिन्यात तिथे हिवाळ्याची चाहूल. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत : नैऋत्य भागात साधारण मे ते सप्टेंबर, तर ईशान्येकडे डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यामुळे तिथे देशच नव्हे, तर किनाराही महिना बघून निवडावा लागतो.

५) 'माझ्या क्रियापदाला किती तास?'

टूर कंपनीचा कार्यक्रम हातात आला की ठिकाणं मोजू नका, तास मोजा. समजा सात दिवसांची सहल आहे. पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळावर गेला. उरले पाच दिवस, रोजचे दहा तास धरले तर ५० तास. आता पेन्सिल घेऊन त्यातून वजा करत जा : बसचा प्रवास, जेवण, हॉटेल बदलणं, आणि ठरलेल्या दुकानासमोर थांबलेली गाडी. उरलेल्या तासांपैकी तुमचं क्रियापद किती तासांत आहे? ५० पैकी ५ तासच असतील, तर ती सहल कितीही स्वस्त असली तरी तुमच्यासाठी महाग आहे. २० तास असतील, तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

'फोटो स्टॉप' या शब्दाखाली लाल रेघ मारा. त्याचा अर्थ अनेकदा, गाडीतून उतरा, फोटो काढा, परत बसा. फोटो काढणं हेच तुमचं क्रियापद असेल तर हरकत नाही. नसेल तर तिथे आत जायला मिळणार का, हे आधीच विचारा.

६) घरच्या घरी रंगीत तालीम

नाटकाआधी तालीम करतो, तशी परदेशवारीआधी करा. खर्च एक-दोन दिवसांचा, फायदा लाखाचा.

- अंगकोरला जायचंय? आधी एक पूर्ण दिवस वेरूळला काढा.
- केनिया मनात आहे? आधी ताडोबा किंवा पेंचच्या दोन सफारी करा.
- लंडनची संग्रहालयं पाहायची आहेत? मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नेहरू विज्ञान केंद्र मुलांसोबत सावकाश बघा.
- तक्त्संग चढायचंय? राजगड चढून-उतरून बघा.
- सिंगापूरची उद्यानं हवीत? भायखळ्याची राणीची बाग किंवा पुण्याचं एम्प्रेस गार्डन, हातात वही घेऊन.

दोन तासांत जांभया यायला लागल्या, तर तो देश यादीतून खोडा. वाईट वाटून घेऊ नका. तुमचे काही लाख वाचले! आणि तालीमच इतकी आवडली, की "अजून महाराष्ट्रच कुठे नीट पाहिलाय?" असं वाटलं, तर तेही उत्तर बरोबरच आहे.

७) कागदपत्रांचा छोटा तक्ता

- पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा, असा अनेक देशांचा नियम आहे. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यांत जे आधी येईल तोवर असतो. म्हणून मुलांचा आधी तपासा.
- नेपाळ-भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मोठ्या माणसांनी फक्त आधार कार्डावर विसंबू नये. नेपाळसाठी १५ ते १८ वयोगटातल्या मुलांना मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं.
- शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी परदेशी जाण्यासाठी सक्षम अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी. फाइल फिरायला वेळ लागतो; विमानाचं तिकीट काढण्याआधी अर्ज द्या.
- टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब करून घ्या.
- व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत राहतात. त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर नको.

८) वर्गासाठी उपक्रम

हा विषय इयत्ता सातवी ते नववीच्या वर्गात छान रंगतो. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येकाने कागदावर स्वतःचं एक क्रियापद लिहायचं. नाम लिहिलं तर कागद परत! मग गटाने नकाशा उघडून चारही क्रियापदं बसतील असा एक देश शोधायचा. तो कोणत्या गोलार्धात आहे, आपल्या सुट्टीत तिथे कोणता ऋतू असेल, घड्याळ किती तास पुढे-मागे, चलनाचं रूपांतर कसं करायचं, हे सगळं त्यांनीच काढायचं. भूगोल, गणित, इतिहास आणि शेवटी मराठीचा निबंधही झाला. मुलांपैकी अनेकांनी अजून जिल्ह्याबाहेरही पाऊल टाकलेलं नसेल. त्यामुळे 'कोण कुठे जाऊन आलं' हा प्रश्न वर्गात विचारू नका. 'तुला काय करायला आवडतं' हा विचारा. त्याचं उत्तर प्रत्येक मुलाकडे असतं, आणि ते द्यायला पासपोर्ट लागत नाही.

पालकहो, आज रात्री जेवताना हाच प्रश्न घरात सगळ्यांना विचारून बघा. देशाचं नाव कुणीही घ्यायचं नाही, फक्त क्रियापद सांगायचं. चौघांची चार क्रियापदं एका कागदावर लिहा आणि तो कागद फ्रीजवर चिकटवून ठेवा. पैसे जमेपर्यंत वेळ आहेच. तोवर तालमी सुरू करा.